लाख-कोटी जँगोत न्यायचे आहेत? पुल रिक्वेस्टआधी थोडं थांबा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी तुम्ही जँगोत, म्हणजे वेबसाइट बांधायच्या पायथनमधल्या खुल्या सांगाड्यात, हिशेबाचं सॉफ्टवेअर केलंत. पहिल्या पानावर दिवसाची उलाढाल दाखवायला जँगोच्या ह्युमनाइझ या भागातला, मोठा आकडा शब्दात दाखवणारा ‘इंटवर्ड’ फिल्टर वापरलात. पडद्यावर ‘१.५ मिलियन’ उमटलं आणि शेठ म्हणाले, “हे काय असतं? पंधरा लाख लिहा ना सरळ.” मग तुम्ही जँगोचीच फाइल उघडली, त्यात लाख आणि कोटी घातले, काम झालं. आता तुम्हाला वाटतंय की हा बदल मूळ जँगोत जावा, सगळ्या भारताला उपयोग होईल. थेट पुल रिक्वेस्ट (माझा कोड मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती) पाठवू की आधी चर्चा करू, असं विचारलंत आणि शेवटी जाता जाता लिहिलंत, “आमच्यासारख्यांचं तिकडे कोणी ऐकतं का?”

मला वाटतं खरा प्रश्न तो शेवटचाच आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी तातडीचं.

ती फाइल पूर्ववत करा. साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे बसवलेल्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये, हाताने केलेला बदल पुढच्या अपग्रेडला पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचं तुम्हाला शेठच्या फोनवरूनच कळेल. त्याहून वाईट म्हणजे बदल जाऊ नये म्हणून तुम्ही अपग्रेडच टाळाल आणि सुरक्षेचे पॅच राहून जातील. मी हे दोन ठिकाणी पाहिलंय. त्यातल्या एका ठिकाणी आधीचा प्रोग्रॅमर सोडून गेला होता आणि सर्व्हरवरचं जँगो नक्की कोणतं म्हणायचं, हेच कोणाला सांगता येईना. त्यापेक्षा तुमच्या ॲपमध्ये टेम्प्लेटटॅग्जचं फोल्डर करा आणि त्यात स्वतःचा फिल्टर लिहा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. शेठचा प्रश्न आज संध्याकाळी मिटतो. पुढचं सगळं शेठ सोडून बाकीच्या जगाबद्दल आहे.

थेट पाठवायचं की आधी बोलायचं, हे बदल कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं. शुद्धलेखनाची चूक किंवा डॉक्युमेंटेशनमधलं चुकलेलं उदाहरण असेल तर जँगोत तिकीटही (प्रकल्पाच्या यादीतली नोंद) लागत नाही, थेट पाठवा. बग असेल तर तिकीट काढा आणि तो बग दाखवणारी टेस्ट जोडा. नवी सुविधा हवी असेल तर आधी चर्चा. तुमचं प्रकरण तुम्हाला बगासारखं वाटतंय, पण ते तसं नाही. दहा लाखांचं ‘१.० मिलियन’ होईल असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय आणि फिल्टर तेच करतो. तुम्हाला त्याने वेगळं काही करायला हवंय, म्हणजे ही नवी सुविधा झाली. (हे जँगोचं. एकट्या माणसाने चालवलेल्या छोट्या प्रकल्पात त्याला एक ओळ लिहून विचारलं तरी पुरतं. प्रत्येक घराचा उंबरठा निराळा.)

आता हे ‘मिलियन’ आलं कुठून ते बघा, कारण चर्चेत सूर कसा लावायचा ते त्यावरून कळेल. जँगो २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्माला आलं आणि २००५ च्या जुलैमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांच्या घाईत वाढलेलं पोर आहे ते. ह्युमनाइझमध्ये ‘एपीनंबर’ नावाचा आणखी एक फिल्टर आहे, तो १ ते ९ हे आकडे अक्षरी लिहितो, कारण असोसिएटेड प्रेसची लेखनशैली तशी आहे. थोडक्यात, ह्युमनाइझ म्हणजे एका अमेरिकी वर्तमानपत्राच्या सवयींचं कपाट. त्यात लाख नाहीत यामागे आकस नाही. ते लिहिणाऱ्यांच्या गावात कोणी लाखात मोजत नव्हतं, इतकंच. हे मनात ठेवून लिहिलंत तर तुमच्या मजकुरात ‘भारताकडे दुर्लक्ष’ असला सूर येणार नाही. तो आला की समोरचा मूळ मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवा कोड आला की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, तो लिहायला किती कष्ट पडले ते मोजत नाही, तो सांभाळायला किती पडतील ते मोजतो. हे मला दुसऱ्याचं नाकारणं ऐकून कळलं नाही, स्वतः स्वीकारून कळलं. आर्थिक वर्षाचं छोटं पॅकेज मी चालवतो. तारीख द्या, एप्रिल ते मार्चचं वर्ष आणि तिमाही सांगतं. काही वर्षांपूर्वी एका भल्या माणसाने त्यात नेपाळचं आर्थिक वर्ष घालून पुल रिक्वेस्ट पाठवली. कोड नीटस, टेस्ट होत्या, मी खुशीत मर्ज केला, म्हणजे आत घेतला. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणाच्या १ तारखेला, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यावर सुरू होतं आणि ते विक्रम संवतावर चालतं. तिथल्या महिन्यांचे दिवस दर वर्षी बदलतात. ते सूत्राने निघत नाहीत, तक्त्यातून घ्यावे लागतात. त्या माणसाने जोडलेला तक्ता एके दिवशी संपला. तोवर त्याने नोकरी बदलली असावी, ईमेलला उत्तर येईना. नेपाळमधल्या कुणाच्या तरी पगारपत्रकात चुका यायला लागल्या आणि तक्रारी माझ्याकडे. मला नेपाळी कॅलेंडरातलं काही कळत नाही. कॉलेज रोडवरच्या ऑफिसात बसून रविवारी महिन्यांचे दिवस जुळवतोय, बायको विचारतेय हे पैशाचं काम आहे का. नाही. दुसऱ्याच्या दोन दिवसांच्या उत्साहाची ती फेड होती.

म्हणून तुमची सूचना वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हे उपयोगी आहे का’ हा नसतो. उपयोगी आहे हे त्याला पटकन पटतं. ‘हा माणूस निघून गेल्यावर हे कोण बघणार’ हा पहिला प्रश्न. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनकडून मोबदला घेऊन काम करणारे ‘फेलो’ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, बाकी सगळे फावल्या वेळातले. शिवाय आत गेलेली गोष्ट काढणं सोपं नाही. जँगोत काही काढायचं तर आधी इशारा द्यायचा, किमान दोन व्हर्जन तो चालू ठेवायचा, मग काढायचं. नवं व्हर्जन साधारण आठ महिन्यांनी येतं, दीर्घकाळच्या व्हर्जनला तीन वर्षं आधार द्यावा लागतो. तुमचे लाख-कोटी आत गेले आणि रचना चुकलेली निघाली तर ती चूक सगळ्यांनी वर्षानुवर्षं पोसायची.

आता तुमच्या कोडकडे वळू. तुम्ही लिहिलंत की तक्त्यात ‘लाख’ आणि ‘कोटी’ अशा दोन ओळी वाढवल्या. म्हणजे तुमच्या सर्व्हरवर अमेरिकी इंग्रजीतही आता लाखच दिसणार. शेठना चालेल, बोस्टनच्या माणसाला नाही. तुम्ही म्हणाल, मग भाषांतरात टाकू. नेमकी इथे मेख आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रस्तावाचा जीवही इथेच आहे.

इंटवर्ड आधी संख्येला दहा लाखांनी भागतो आणि मग ‘मिलियन’ या शब्दाचं भाषांतर मागतो. भाषांतरकाराच्या हातात फक्त शब्द येतो, भागाकार आधीच झालेला असतो. जर्मन भाषांतरकाराचं त्यावर भागतं: अब्जाला तो ‘मिलियार्डे’ म्हणतो, पण भाजक तोच राहतो, तेव्हा शब्द बदलला की काम झालं. मराठीत १५ लाखांचे आधीच १.५ झालेले. आता भाषांतरकार काय करणार? ‘१.५ दशलक्ष’ लिहील. बरोबर आहे, पण लासलगावच्या लिलावात कोणी दशलक्ष म्हणत नाही. आणि १ लाख ते १० लाख या पट्ट्यात तर फिल्टर काही करतच नाही, आकडा जसाच्या तसा परत देतो. एका गाडीच्या मालाचा हिशेब बहुतेक याच पट्ट्यात बसतो.

मग हा फक्त आपला प्रश्न आहे का? चिनी, जपानी आणि कोरियन लोक दहा हजारांच्या पटीत मोजतात. त्यांचं पुढचं मोठं एकक दहा कोटी. हिंदी, बंगाली, नेपाळी, उर्दू आपल्यासारख्या. म्हणजे दोष ‘लाख नाहीत’ हा नाही. जगातली प्रत्येक भाषा हजाराच्या पटीत मोजते हे गृहीतक कोडमध्ये रुतलंय, दोष तो आहे. ‘भारतासाठी दोन ओळी घाला’ म्हणालात तर तुम्ही एकटे. ‘टप्पे भाषेप्रमाणे बदलता यावेत’ म्हणालात तर ओसाकाचा माणूसही तुमच्या बाजूने बोलेल. मला तुमच्या पुल रिक्वेस्टपेक्षा हा एक बदल जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्या पाठीशी एक पूर्वीचा दाखलाही आहे. आकड्यांतल्या स्वल्पविरामांची हीच गत होती, तीन-तीनच्याच गटात पडायचे. २०१७ च्या १.११ व्हर्जनपासून ‘नंबर ग्रुपिंग’ या सेटिंगला असमान गट देता येतात. (३, २, ०) दिलं की १०,००,००,००० असं पडतं, आणि डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरणही भारतीय इंग्रजीचंच आहे. तेव्हा भारतीय पद्धत तिथे कोणाला ठाऊक नाही असं नाही. बघा, तो बदलसुद्धा ‘भारतासाठी’ म्हणून झाला नाही, ‘असमान गटांसाठी’ म्हणून झाला. (तुमच्या प्रकल्पात हे करून पाहाल तर एक सावध सूचना: नुसतं सेटिंग्जमध्ये लिहून बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण लोकेलचं (त्या भाषा-प्रदेशाचं) स्वतःचं फॉरमॅट वरचढ ठरतं. ‘फॉरमॅट मॉड्यूल पाथ’ देऊन तिथे बदलावं लागतं. मी यात एक अख्खी दुपार घालवलीय.)

यानंतर तुम्हाला जे विचारलं जाईल त्याची उत्तरं आधीच तयार ठेवा.

शंभर कोटींच्या पुढे काय? आपल्या पाढ्यात कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व असं येतं, म्हणजे खर्व हा एकावर दहा शून्यं. हिंदीतला ‘खरब’ मात्र एकावर अकरा शून्यं. कानाला जवळपास तोच शब्द आणि दहापट फरक! शिवाय वर्तमानपत्रं अर्थसंकल्पाच्या बातमीत खर्व लिहीतच नाहीत, ‘लाख कोटी’ लिहितात. माझं मत विचाराल तर कोटीवर थांबा आणि पुढे लाख कोटी करा. पण हे ठरवायला हिंदी आणि बंगाली माणसांना विचारावं लागेल, मी-तुम्ही नाशकात बसून ठरवून चालणार नाही.

भाषा की प्रदेश? भारतीय इंग्रजीला लाख हवेत, अमेरिकी इंग्रजीला नकोत, आणि दोन्ही इंग्रजीच. तुमची रचना हे कसं वेगळं करते? आणि ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांच्या पडद्यावर अपग्रेडनंतर एक अक्षरही हलता कामा नये. याला तडजोड नाही.

पूर्णांकनाचं काय? ९९,९९,९९९ ला तुमचा फिल्टर काय म्हणतो? लाखाने भागून एका दशांश स्थळापर्यंत आणलं तर ‘१००.० लाख’. शेठ लगेच पकडतील. ९९,९९९ चं काय? आणि वजा रकमेचं? व्यापाऱ्याकडे वजा रक्कम रोजची असते.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न: बेबेल का नाही? युनिकोडचा सीएलडीआर नावाचा साठा आहे, त्यात भाषेगणिक संख्या थोडक्यात कशा लिहायच्या याची माहिती आहे, आणि पायथनची बेबेल ही लायब्ररी ती वापरते. ‘जे दुसरीकडे तयार आहे ते आम्ही इथे का सांभाळावं?’ असं कोणी ना कोणी विचारणार, आणि तो प्रश्न रास्त आहे. जँगो स्वतः फार थोड्या बाहेरच्या पॅकेजांवर अवलंबून राहतं, त्यामुळे बेबेल आत घेण्याची शक्यता मला दिसत नाही. पण तुमच्या शेठसाठी बेबेल का पुरलं नाही, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कदाचित पुरेल. तसं निघालं तर प्रस्ताव लिहूच नका, आणि त्यात कमीपणा मानू नका.

हे सगळं तपासून झाल्यावरही मी लगेच प्रस्ताव टाकणार नाही. आधी पॅकेज काढीन. जँगोत बऱ्याच मोठ्या गोष्टी बाहेरून आत आल्या आहेत. आज आपण मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची सोय) म्हणतो त्याआधी ‘साउथ’ नावाचं वेगळं पॅकेज होतं, लोक वर्षानुवर्षं ते वापरत होते. त्याच्याच कर्त्याने, अँड्र्यू गॉडविन यांनी, नव्याने लिहिलेलं रूप २०१४ मध्ये १.७ बरोबर आत आलं. स्टॅटिकफाइल्स १.३ मध्ये असंच आलं. टेम्प्लेट पार्शल्स परवा-परवापर्यंत बाहेर होतं, ते ६.० मध्ये आलं. उलट बाजूने पाहा: आपल्यातला निम्मा जमाव रोज वापरतो ते कॉर्स-हेडर्स आणि रेस्ट फ्रेमवर्क आजही बाहेरच आहेत, आणि त्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. ‘आधी पॅकेज करून बघा’ असं उत्तर आलं की लोकांना ती बोळवण वाटते. कधी असतेही. पण बाहेर असताना तुम्ही रचना दर आठवड्याला मोडून परत बांधू शकता. आत गेल्यावर ते स्वातंत्र्य संपलं. पॅकेज काढा, तुमच्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडे एक हंगाम चालवा, पिंपळगावच्या टोमॅटोवाल्याकडे आणि एखाद्या द्राक्ष निर्यातदाराकडेही लावून बघा. निर्यातदार मजेशीर निघेल, त्याला एकाच पानावर रुपये लाखात आणि डॉलर मिलियनमध्ये हवे असतील. तिथे तुमची ‘भाषेवरून टप्पे ठरवायचे’ ही कल्पनाच कोलमडेल. ते आत्ता कोलमडलेलं परवडतं.

मग लिहायला बसा. इंग्रजीत लिहायचं आहे, पण आधी मराठीत मनात जुळवून घ्या. सुरुवात साधारण अशी: ‘इंटवर्ड संख्येला हजाराच्या पटीत भागतो आणि मग शब्दाचं भाषांतर करतो. ज्या भाषांत मोजण्याचे टप्पे वेगळे आहेत तिथे भाषांतरकाराला बरोबर उत्तर देताच येत नाही. उदाहरण: १५,००,०००.’ तीन वाक्यं. त्यात तुमचा उपाय नाही, कौतुक नाही, ‘भारतात इतके कोटी लोक’ नाहीत. त्याखाली आज काय दिसतं आणि काय दिसायला हवं, याच्या चार ओळी. मग तुम्ही काय काय करून पाहिलंत: स्वतःचा फिल्टर, बेबेल, पॅकेज, आणि प्रत्येकाची अडचण. उपाय शेवटी, तोही एकापेक्षा जास्त, आणि तुमचा कल कुठे आहे ते. ‘हे मी लिहायला आणि पुढची दोन वर्षं त्यावरची तिकिटं बघायला तयार आहे’ हे वाक्य खरं असेल तरच घाला. माझ्या नेपाळवाल्याने घातलं होतं.

पहिल्या दिवशी कोड जोडू नका. कोड दिसला की लोक व्हेरिएबलच्या नावांवर बोलतात. मी एका प्रकल्पाला एकदा हजारभर ओळी न विचारता पाठवल्या होत्या. आठ महिने शांतता आणि मग एका ओळीत बंद. राग आला होता. आज वाटतं, वाचणाऱ्याला मी हजार ओळींचं कोडं घातलं होतं, प्रश्न कुठला ते सांगितलंच नव्हतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ऐकतात का. जँगोने २०२० मध्ये ‘कोअर डेव्हलपर’ हे पदच मोडीत काढलं, तेव्हा आतले आणि बाहेरचे अशी पूर्वीची भिंत आता तितकीशी उरलेली नाही. तिकीट ‘स्वीकारलं’ असं दुसरं कोणीही चिन्हांकित करू शकतं. स्वतःचं स्वतः करायचं नाही, एवढा संकेत. पॅच ‘आत घ्यायला तयार’ आहे हेही तपासणारा त्रयस्थ म्हणतो. म्हणजे तुम्हीसुद्धा उद्या दुसऱ्याचा पॅच उतरवून, चालवून, ‘माझ्याकडे चालला, फक्त ही एक टेस्ट कमी आहे’ असं लिहू शकता. ते दहा वेळा केलंत की तुमचं नाव लोकांना ओळखीचं होतं आणि तुमची सूचना वाचायला ते दोन मिनिटं जास्त देतात. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत तरी काय असतं? गच्चीवरच्या टाकीच्या साफसफाईला जो दर वेळी येतो त्याचा मुद्दा अध्यक्ष पूर्ण ऐकून घेतात.

आणि तरीही तिकीट ‘वोन्टफिक्स’ (हे करणार नाही) म्हणून बंद होऊ शकतं. ते निकालपत्र नसतं. त्याच तिकिटावर भांडत बसू नका, ते उघड-बंद करत राहणाऱ्याची आठवण लोक फार काळ ठेवतात. नवी माहिती हाती आली तर चर्चेच्या जागी जाऊन मांडा. पॅकेज तर तुमच्याकडे राहीलच.

एक काम आज रात्रीच करता येईल. जँगोची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतात, मराठीचा गट तिथे आहे. ह्युमनाइझचे मराठी शब्द काढून वाचा, कुठे खटकतंय त्याची नोंद करा. तुमच्या प्रस्तावातल्या ‘भाषांतरकाराला करताच येत नाही’ या वाक्याला स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा आधार मिळेल. मसुदा झाला की इथेच टाका, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. आणि सोबत ९९,९९,९९९ ला तुमचा फिल्टर काय म्हणतो तेही कळवा, मला उत्सुकता आहे.